दुसरं उतरणं

१

अठ्ठ्याहत्तर सालचा आश्विन लागला आणि देवळीजवळच्या खैरी गावात विमान आलं. खरंखुरं विमान! कपाशीवर बोंडअळी पडली होती आणि त्या वर्षी वरून औषध फवारायचं ठरलं होतं. गावाच्या गायरानावर मुरूम टाकून, रोलर फिरवून सरळसोट पट्टी केली. दोन्ही कडांना चुन्याच्या रेघा ओढल्या. एका उंच बांबूला वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी टांगली. गावानं या सगळ्याला मोठ्या थाटात नाव दिलं, 'इमानतळ'.

इमानतळाच्या उगवतीकडच्या टोकाला, चुन्याची शेवटची आडवी रेघ संपते तिथून दगड भिरकावला तर पडेल इतक्या अंतरावर धुरपताचा वांग्याचा मळा होता. मळ्यातच कुडाची झोपडी. हंगामभर ती आणि तिचा नवरा श्रावण तिथंच राहायचे. वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर काढायचे आणि देवळीच्या बाजारात विकायचे. त्यात श्रावणला झेंडीवाल्याचं काम मिळालं आणि धुरपताला तर आभाळच ठेंगणं झालं. पट्टीवरची गुरं हाकलायची, आणि विमान परत आलं की पांढरी झेंडी दाखवायची. पट्टीवर काही आडवं आलं असेल तर लाल हलवायची, मग विमान उतरत नाही. एवढंच काम, पण गावात श्रावणचा रुबाब तलाठ्यापेक्षा वाढला.

सकाळी उन्हं वर यायच्या आत पहिली फेरी. विमान घरघरत उठायचं, कपाशीवर पांढरा फवारा सोडत दूरवर जायचं आणि औषध संपलं की परत यायचं. उतरताना चाकं मुरुमावर धप्पकन टेकायची, तांबड्या धुळीचा लोट उठायचा, आणि पोट्ट्यांचा गलका! शेजारची चतुराबाई तर भज्यांची कढई घेऊन पट्टीच्या कडेलाच बसायला लागली. धुरपताचा एक डोळा वांग्यावर आणि एक आभाळात. हातातला विळा तसाच राहायचा आणि तोंड उघडं.

"अवं, माशी जाईन तोंडात," चतुराबाई म्हणायची.

"जाऊ द्या ना," धुरपता म्हणायची. "इमान का रोज रोज येते?"

अशाच एका सकाळी विमान उतरलं. धूळ उठली, धूळ बसली. पंखा थांबला. पायलटसाहेब खाली उतरून रांजणातल्या पाण्यानं तोंड धुवायला लागला. पोट्टे पांगले. धुरपता वाकून वांगी खुडायला लागली, आणि तिला विमान पुन्हा उतरल्याचा आवाज आला.

तिनं मान वर केली. विमान तिकडं, औषधाच्या पिंपांशी, शांत उभं होतं. आभाळ रिकामं होतं. पट्टीवर एक बगळा तेवढा चालत होता.

आवाज मात्र आला होता. धप्प नाही, लांब, मऊ, ओला. पिठावरून ओलं पोतं ओढत न्यावं तसा. फस्स्स... आणि पट्टीच्या मधोमध कुठंतरी थांबला होता.

२

धुरपता भोळी होती, पण भाबडी नव्हती. तिनं आधी कानात करंगळी घालून पाहिली. इंजिनाच्या आवाजानं कान बधिर झाले असतील. मग वाटलं, यवतमाळच्या रस्त्यावरून एखादा ट्रक गेला असेल. वारा फिरला की रस्त्याचे आवाज मळ्यात येतात. मग वाटलं, पोट्टे कुठं घसरगुंडी खेळत असतील.

दुसऱ्या दिवशी तिनं कान टवकारूनच ठेवले. विमान उतरलं. पंखा थांबला. आणि तेवढ्यात, फस्स्स. रस्ता मोकळा होता. पोट्टे सगळे चतुराबाईच्या कढईभोवती. वारा पडलेला, वरची पिशवी बांबूला चिकटून लोंबत होती.

"चतुराबाई, आयकलं काय?"

"काय वो?"

"आत्ता. इमान उतरल्यावानी."

"उतरलं ना. आंधळी हायस काय? थे काय उभं हाय." चतुराबाईनं झाऱ्यानं विमानाकडं बोट दाखवलं आणि भजी उलटली.

श्रावणला विचारलं तर तो हसला. "तुले इमानाचं याड लागलं. सपनात बी इमानच उतरत असन तुह्या."

तीही हसली. खरंच वेड लागलं होतं तिला. पण त्यानंतर रोज ती ऐकत राहिली आणि एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. पहिल्या दिवशी आवाज पट्टीच्या मधोमध थांबला होता. दुसऱ्या दिवशी थोडा पुढं. मग आणखी पुढं. रोज तो तिच्या मळ्याकडं सरकत होता. जे काही उतरत होतं, त्याला थांबायला रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त जागा लागत होती.

आणि शेवटच्या रेघेनंतर पट्टी नव्हती. तिथून पुढं होतं कुंपण, वांगी, आणि झोपडी.

३

पायलटसाहेब नागपूरकडचा, चाळिशीचा, हसरा माणूस. मुक्काम देवळीच्या विश्रामगृहात. पण तिथल्या जेवणाला कंटाळून दुपारचा बरेचदा श्रावणच्या झोपडीत यायचा. धुरपताची ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा त्याला आवडायचा. तो आला की मागून पाच-सहा जण यायचेच. गावातले वडीलधारे अण्णाजीही मग काठी टेकत येऊन बसायचे आणि गोष्टी निघायच्या.

"साहेब," त्या दुपारी श्रावणनं विचारलं, "इमान उतरवाले सगळ्यात कठीण कुठं जाते?"

"बर्फात," साहेब लगेच म्हणाला. "मी फौजेत होतो ना, तिकडं वर पहाडात. पट्टीवर बर्फ पडला की संपलं."

"बरफ म्हंजे गोळ्याचा?" अण्णाजींनी विचारलं.

"तसा नाही, अण्णाजी. पिंजलेला कापूस आभाळातून पडावा तसा. आवाज न करता पडत राहतो. सगळं पांढरं करून टाकतो. मग चाक टेकलं तरी पकडत नाही. ब्रेक मारा, देवाचं नाव घ्या, काहीही करा. चाक थांबतं, विमान थांबत नाही."

"बाप्पा!" सगळे सरसावून बसले.

"आणि त्याहून वाईट म्हणजे डोळे. खाली पांढरं, वर पांढरं. जमीन दहा हात खाली आहे की दोन हात, समजतच नाही. तेव्हा कडेला एखादं झुडूप दिसलं, काळा दगड दिसला, तरी माणूस वाचतो. नजरेला टेकायला काहीतरी पाहिजे असतं हो."

"तुमी पाह्यलं काय असं कोनाचं इमान?" श्रावणनं विचारलं.

साहेबानं भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "पाहिलं. एका हिवाळ्यात मोठं विमान उतरलं, प्रवाशांचं. इतकं अलगद टेकलं की आम्ही टाळी वाजवणार होतो. मग ते थांबेचना. पट्टी संपली तरी जातच राहिलं, आणि बर्फाच्या पडद्यात दिसेनासं झालं."

"मंग? मेले सारे?"

"नाही ना. बरेच जण धडधाकट बाहेर निघाले. पण बर्फ असा पडत होता की कुठं जायचं ते कळेना. आम्ही इकडून हाका मारतोय, पण बर्फात हाक पोचत नाही. चालत राहिले बिचारे. भलत्याच दिशेला." त्यानं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "जाऊ द्या. जेवताना नको."

झोपडीत सगळे एकदम बोलायला लागले. कोण म्हणे शिट्टी फुंकायची होती, कोण म्हणे आग लावायची होती. धुरपता परातीपाशी बसली होती. तिनं हळूच विचारलं, "साहेब, बरफात इमान उतरते तवा आवाज कसा येते?"

साहेबानं जरा विचार केला. मग हात पुढं केला आणि परातीतल्या ज्वारीच्या पिठावर तळवा दाबून तो सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत नेला.

फस्स्स.

"असा," तो म्हणाला. "का हो भाभी? काय झालं?"

"काई नाई," धुरपता म्हणाली. पिठात उमटलेला तो लांब, गुळगुळीत पट्टा तिनं घाईघाईनं बोटांनी मोडून टाकला.

४

दुसऱ्या दिवशी तिनं चुलीतली कोरडी राख सुपात भरून नेली आणि विमान वर असताना पट्टीच्या शेवटच्या भागात, या कडेपासून त्या कडेपर्यंत राखेची एक आडवी ओळ घातली. श्रावणनं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "आता हे कायचं सोंग?"

"मुंग्या झाल्या," ती म्हणाली.

विमान आलं. नेहमीसारखं धप्पकन टेकलं आणि राखेच्या पुष्कळ अलीकडं थांबलं. धूळ बसली. धुरपता कुंपणाशी श्वास रोखून उभी राहिली. मग तो आवाज आला. लांबून, पट्टीच्या त्या टोकाकडून, तिच्याकडं. इतका जवळ तो कधीच आला नव्हता. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा उत्सुकतेनंच तिचे पाय पुढं ओढले. आवाज थांबल्याबरोबर ती पळत राखेपाशी गेली.

राख हलली नव्हती. ओळ जशीच्या तशी होती. पण तिनं बोट लावलं तर राख ओली होती. चिखल व्हावा इतकी ओली, आणि पाण्यात हात घातल्यासारखी गार. तिच्या डोळ्यांदेखत उन्हानं ती पुन्हा सुकत गेली.

ती बोट पदराला पुसत उठली, तेव्हा पिंपांपाशी साहेब श्रावणशी बोलत होता.

"श्रावणभाऊ, चुना जरा बेतानं टाका ना. कडेला रेघ पाहिजे, अख्खी पट्टी नाही सारवायची. आज वरून असं पांढरं चमकत होतं, डोळे दिपले माझे."

"मी तं कडेलेच टाकला साहेब," श्रावण म्हणाला. "पाहा ना तुमी. हे काय, तांबडी हाय पट्टी."

साहेबानं पट्टीकडं पाहिलं. पट्टी तांबडी होती. त्यानं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि विषय बदलला.

त्या संध्याकाळी पट्टीच्या बाजूची वांग्याची पहिली ओळ काळी पडलेली धुरपतानं पाहिली. पानं पोळल्यासारखी मऊ होऊन लोंबत होती. पौषात कडाक्याची थंडी पडली की अशी होतात. पण आश्विनातल्या उकाड्यात कुठून? तिनं रोपं उपटली आणि श्रावणला दाखवायला नेली.

"फवाऱ्याचं औषध उडालं असन," तो म्हणाला. तेही पटण्यासारखं होतं. धुरपतानं स्वतःला पटवलंही. कारण एकीकडं तिला सांगायचं होतं की हे काम सोडा, आणि दुसरीकडं तिला माहीत होतं की आता दोनच दिवस उरलेत, आणि शेवटच्या दिवशी साहेब गावातल्या एकाला विमानात बसवून फिरवणार आहे!

५

शेवटच्या दिवशी सगळं गाव लोटलं. बाया नवीन लुगडी नेसून आल्या. चतुराबाईनं दोन कढया मांडल्या. पहिला मान अण्णाजींचा. ते पांढरं धोतर, कोट, टोपी अशा थाटात विमानापाशी गेले, पंखा गरगरायला लागला, आणि अण्णाजी पोट धरून मागं फिरले.

"कळ आली बा पोटात!"

हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. साहेबानं आजूबाजूला पाहिलं आणि श्रावणला हाक मारली. "चला झेंडीवाले! रोज खालून पाहता, आज वरून पाहा."

श्रावणचा चेहरा असा काही फुलला की धुरपताचं मन भरून आलं. त्यानं दोन्ही झेंड्या तिच्या हातात कोंबल्या. "आमी आलो का पांढरी दाखवजो. भेवजो नोको."

"पडसान बिडसान नोको," ती म्हणाली, आणि स्वतःच हसली.

विमान उठलं. खिडकीतून श्रावणचा हात हलत होता. धुरपता पट्टीच्या टोकाशी लहान पोरीसारख्या उड्या मारत होती. "पाहा वो, पाहा! माहा मालक चालला!" विमान गावावर गिरकी घेऊन देवळीकडं गेलं, बारीक झालं, पुन्हा वळलं.

"गारवा सुटला काय वो?" शेजारी चतुराबाई म्हणाली आणि तिनं पदर खांद्याभोवती ओढून घेतला.

धुरपतानं पट्टीकडं पाहिलं.

पट्टीचं पलीकडचं टोक पांढरं झालं होतं. आधी तिला वाटलं, ऊन चमकतंय. पण ते पांढरं पुढं येत होतं, दूध उतू गेल्यावर पसरतं तसं. चुन्याच्या रेघा त्यात बुडाल्या, मग कडेचं गवत बुडालं. लोकांचा गलका कुणीतरी गोधडी टाकून दाबावा तसा बारीक झाला. सगळ्यांची तोंडं हलताना दिसत होती. कुणीही पट्टीकडं पाहत नव्हतं. सगळ्यांच्या माना वर होत्या.

वरून विमान येत होतं. श्रावणचं विमान. नाक खाली करून, उतरायला.

आणि पट्टीच्या पलीकडून, त्या पांढऱ्यातून, दुसरं उतरत होतं. दिसत नव्हतं. पण तो आवाज आता सुरू झाला होता. आदल्या दिवशी तो शेवटच्या रेघेवर येऊन थांबला होता. आज तो थांबणार नव्हता, हे धुरपताला भाकरी करपल्याचा वास यावा इतकं स्पष्ट कळलं.

तिनं पांढरी झेंडी फेकून दिली, लाल उचलली आणि ती पट्टीवर धावत सुटली.

६

पहिल्याच पावलाला पाय आत गेला. घोट्यापर्यंत. आणि मिरच्यांच्या खळ्यात उघड्या पायांनी उतरावं तशी आग झाली. थंड असूनही आग! असलं काही तिनं जन्मात अनुभवलं नव्हतं. तिनं लुगडं वर खोचलं आणि धावत राहिली. झेंडी डोक्यावर धरून, दोन्ही हातांनी, डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं.

"नोका उतरू! साहेब, नोका उतरू वो!"

तिचा आवाज तिच्या तोंडापाशीच पडत होता. समोर पांढरं, वर पांढरं. पायाखालची जमीन कुठं संपते आणि आभाळ कुठं सुरू होतं ते दिसेना. पापण्यांवर काहीतरी येऊन बसत होतं, हलकं, गार, आणि लगेच पाणी होत होतं. सगळ्या जगात एकच रंग उरला होता, तिच्या हातातला लाल.

तेवढ्यात आवाज तिच्यापाशी आला.

ती बाजूला उडी मारून पडली, की वाऱ्यानं तिला पाडलं, हे तिला नंतरही सांगता आलं नाही. तिच्या हातभर अंतरावरून काहीतरी गेलं. घरापेक्षा उंच, गावच्या गल्लीपेक्षा लांब, आडवं होत, सरकत, थांबायचा प्रयत्न करत. तिनं पूर्ण पाहिलं नाही. फक्त मधली एक गोल खिडकी पाहिली. आत पिवळा उजेड होता, आणि काचेला आतून एक तळहात टेकलेला होता. पाचही बोटं पसरलेली. हाताभोवती काचेवर वाफेचं वर्तुळ जमलं होतं. माणूस जिवंत असला तरच धरते तशी वाफ.

मग ते तिच्या मागं गेलं, तिच्या मळ्याच्या बाजूला, आणि थांबलं.

धुरपतानं मागं वळून पाहिलं नाही. गुडघ्यांवर उठून तिनं तेवढी झेंडी पुन्हा वर धरली. सगळीकडं सामसूम. त्या शांततेत तिच्या पाठीमागं एक जड दार उघडल्याचा आवाज झाला, आणि कुणीतरी खोकलं.

आणि एकदम डोक्यावरून घरघराट गेला! खरं विमान, इतकं खाली की तिचा पदर उडाला. विमान वर चढलं, वळलं, पट्टी सोडून निघून गेलं. लोक आरडाओरडा करत होते, ऊन तळपत होतं, आणि धुरपता तांबड्या मुरुमावर गुडघे टेकून लाल झेंडी हलवत होती.

७

विमान देवळीच्या डांबरी रस्त्यावर उतरलं. परत पट्टीवर यायची साहेबाची हिंमत झाली नाही म्हणे. रस्त्यावर दोन बैलगाड्या होत्या, त्यांना चुकवताना एक चाक नालीत गेलं आणि वाकलं. साहेबाला खरचटलं, श्रावणच्या कपाळावर टेंगूळ आलं. बाकी काही नाही. अख्खं गाव धावत रस्त्यावर गेलं. असा दिवस पुन्हा कधी येणार!

धुरपता पोचली तेव्हा अण्णाजी तिच्यावर भडकले. "पट्टी मोकळी होती ना वो बाई! लाल काऊन दाखवली? नवऱ्याले माराले निघालती काय?"

"पट्टीवर दुसरं इमान होतं," ती म्हणाली.

लोक हसले. चतुराबाईही हसली, पण तिनं पदर अजून खांद्याभोवती घट्ट धरला होता. साहेब हसला नाही. तो गर्दीतून वाट काढत आला, धुरपताला जरा बाजूला घेऊन गेला आणि दबल्या आवाजात बोलायला लागला.

"भाभी, मला पट्टी दिसत नव्हती. काहीच दिसत नव्हतं. वर-खाली सगळं एक झालं होतं, आणि मी विमान खाली खाली नेत होतो. मला वाटलं, अजून पुष्कळ उंच आहे. मग तुमची झेंडी दिसली. एवढीशी, पण बरोबर डोळ्यांसमोर. तेव्हा कळलं, जमीन इथंच आहे. नसती दिसली तर मी श्रावणला घेऊन सरळ जमिनीत घुसलो असतो."

"मंग तुमी बी पाह्यलं," ती म्हणाली.

साहेबानं वाकून तिच्या पायांना हात लावला. पाया पडतोय असं वाटून ती मागं सरकली. पण तो तिची पावलं पाहत होता. ती घोट्यापर्यंत लालभडक झाली होती, त्यांवर फोड आले होते.

"कोमट पाण्यात ठेवा," तो म्हणाला. "गरम नाही. कोमट. आणि घासू नका." हे त्यानं इतक्या सवयीनं सांगितलं की धुरपताला त्याचीच दया आली.

तो त्याच दुपारी मोटारीनं नागपूरला गेला. विमान न्यायला नंतर दुसरेच लोक आले.

८

दुपार कलायच्या आत श्रावण आणि धुरपता मळ्यात परत आले. पट्टीवर चिटपाखरू नव्हतं. गाव अजून रस्त्यावर विमानाभोवती होतं. धुरपतानं लाल झेंडी झोपडीच्या वळचणीत खोचली, चुलीवर पाणी कोमट केलं आणि ते परातीत ओतून त्यात पाय ठेवून बसली. श्रावण कपाळावर हात धरून चुलीपाशी बसला.

"डोकं दुखून राह्यलं काय?" तिनं विचारलं.

"नाई." तो तिच्या पायांकडं पाहत राहिला. मग म्हणाला, "मी तुले वरून पाह्यलं. सगळं पांढरं, अन् मधात तू. झेंडी घेऊन."

"व्हय."

"मंग मी पाह्यलं, तुह्या मांगं मानसं होती."

धुरपताचा हात पाण्यात थांबला.

"गावचे नाई. पुरे गुंडाळून घेतलेले, डोक्यापासून. वाकून चालत होते, एकामांगं एक. रांग होती बा रांग. तू झेंडी हालवत होती, अन् थे तुह्या झेंडीकळे येऊन राह्यले होते." तो तिच्या जवळ सरकला. "तू उठली तं थे बी थांबले. तू इकळे मळ्याकळे तोंड केलं तं थे बी वळले."

दोघांनी एकाच वेळी वळचणीकडं पाहिलं. झेंडीचं टोक आतून दिसत होतं. वारा नव्हता, तरी ते जरासं हलत होतं.

श्रावण उठला. "काढून टाकतो मी थे झेंडी."

तेवढ्यात बाहेर, बांबूच्या तट्ट्याच्या दाराशी, कुणीतरी पाय आपटले.

धप्, धप्. मग आणखी कुणीतरी. मग पुष्कळ पायांचा आवाज, जड पादत्राणांचा. आत येण्याआधी पायांना चिकटलेलं काही झाडून टाकावं तसा. खैरीत असे पाय कुणी आपटत नाही. चिखल असला तर माणूस दगडावर पाय घासतो. धुरपतानं दाराच्या फटीकडं पाहिलं. तट्ट्याखालची उन्हाची रेघ सावल्यांनी तुटली होती. झोपडीत ओल्या घोंगडीचा वास शिरला, आणि परातीतलं पाणी तिच्या पायांभोवती झपाट्यानं गार होत गेलं.

श्रावणनं तिचं मनगट पकडलं. "आवाज नोको करू," तो ओठांनीच म्हणाला.

ओरडावं, मागचा कूड फोडून पळावं, असं सगळं तिच्या मनात आलं. पण डोळ्यांसमोरून तो काचेवरचा तळहात जाईना. आणि पाय तर तिचेही भाजले होते. ती थंडी काय असते हे आता या गावात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिनं मनगट सोडवून घेतलं. कोपऱ्यातला पऱ्हाटीचा, वाळल्या कपाशीचा भारा ओढला, काड्या मोडून मोडून चुलीत घातल्या. जाळ भसकन वर आला.

"या," ती दाराकडं न पाहता म्हणाली. आवाज फाटला, पण निघाला. "आत या. आंग शेका."

पाय आपटणं थांबलं. तट्ट्या हलला, की हलला नाही, हे तिनं पाहिलं नाही. तिची नजर चुलीवर होती. जाळ हातभर उंच चढला होता, पऱ्हाटी तडतडत होती, आणि तरीही झोपडीत हळूहळू अंधार होत होता. आधी कूड दिसेनासा झाला, मग उतरंड, मग श्रावणचा चेहरा. चुलीचा उजेड कुठंच पोचत नव्हता. गर्दी करून चुलीभोवती बसलं की मागं जसा पोचत नाही, तसा.

धुरपतानं आणखी एक मोळी सोडली.

"जरासे सरका," ती श्रावणला म्हणाली. "त्यायले जागा द्या."